दहा महिने, चौदा इंची लॅपटॉप आणि कोकणातली रेंज

मागच्या मार्चमध्ये जुना लॅपटॉप कायमचा बंद पडला आणि समोर पतसंस्थांच्या लेखापरीक्षणाचा हंगाम उभा होता. मी चिपळूणची, काम रत्नागिरी जिल्हाभर. ३१ मार्चला वर्ष संपलं की चार महिन्यांत लेखापरीक्षण पुरं करायचं असतं. म्हणजे आमची खरी धावपळ भर जून-जुलैत, जेव्हा कोकणात लाइट, रस्ता आणि रेंज या तिन्हींचा भरवसा नसतो. नवा लॅपटॉप घेऊन आता दहा महिने झाले, एक पावसाळा त्यानं माझ्याबरोबर काढला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

मॉडेलचं नाव देत नाही. तुम्ही दुकानात जाईपर्यंत ते बदललेलं असेल. काय बघून घेतला, ते सांगते. १४ इंची, वजन १.४ किलो, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ५७ वॉट-अवरची बॅटरी. किंमत ६३ हजार.

दुकानदार प्रोसेसरबद्दल भरभरून बोलत होता. एक्सेल, टॅली आणि पीडीएफ एवढंच काम असेल तर मधल्या श्रेणीतला कुठलाही प्रोसेसर पुरतो, त्यावर जास्त पैसे घालू नका. मी आधी लॅपटॉपच्या कडा बघितल्या. डिजिटल सहीचं टोकन (सही साठवलेलं पेनड्राइव्हसारखं छोटं उपकरण) अजूनही जुन्या चौकोनी यूएसबीचं येतं, आणि संस्थेचा क्लार्क डेटा देतो तोही तसल्याच पेनड्राइव्हवर. दिसायला सुंदर, पातळ लॅपटॉपना फक्त टाइप-सी असतं. मग एक जोडणी वेगळी बाळगा, ती विसरा, आणि दापोलीत बसून सही होत नाही म्हणून हळहळा. माझ्या लॅपटॉपला दोन चौकोनी पोर्ट आहेत, दोन टाइप-सी आणि एक एचडीएमआय. दहा महिन्यांत एकदाही अडले नाही.

एका गोष्टीवर मात्र पाणी सोडावं लागलं. १४ इंचाच्या कीबोर्डला उजवीकडचे आकड्यांचे बटण नसतात, आणि आमचं आयुष्य आकडे मारण्यात जातं. १५.६ इंचाला ते मिळतात, पण अर्धा किलो वजन वाढतं आणि एसटीच्या सीटवर मांडीवर मावत नाही. मी सुटा नंबरपॅड घेतला, साडेपाचशे रुपयांचा. टेबल असेल तिथे तो काढते. हा निर्णय मला अजून पटतो. पडदा १९२० बाय १२०० चा आहे, म्हणजे नेहमीच्यापेक्षा थोडा उभा; तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, बघताना चार-पाच ओळी जास्त दिसतात आणि दिवसभरात त्यांचं मोल कळतं. पडदा चकाकणारा नसावा, एवढं नक्की पाहा. खिडकीशेजारी बसल्यावर चकचकीत पडद्यात स्वतःचाच चेहरा दिसतो.

आता चार्जिंग. लॅपटॉप टाइप-सीवर ६५ वॉटने चार्ज होतो, आणि हे मी अटीसारखं धरलं होतं. गोल पिनचा चार्जर हरवला तर तालुक्याच्या गावात मिळत नाही, टाइप-सी मिळतो. पण इथेच एकदा फसले. मे महिन्यात चार्जर घरी राहिला. संस्थेतल्या मुलाकडे फोनचा ६७ वॉटचा चार्जर होता, तो लावला. तासाभरानं बघते तर बॅटरी वाढायच्या ऐवजी दोन टक्के उतरलेली. बऱ्याच फोनच्या चार्जरवर लिहिलेले मोठे वॉट हे त्याच कंपनीच्या फोनसाठी असतात. लॅपटॉपला ‘पीडी’ (पॉवर डिलिव्हरी, टाइप-सी चार्जिंगची सामायिक पद्धत) पद्धतीनं २० व्होल्ट लागतात. ते मिळाले नाहीत की चार्जर ५ व्होल्टवर बसतो आणि थेंब थेंब वीज देतो. तेव्हा चार्जर घेताना बारीक अक्षरात पीडी आणि २० व्होल्ट छापलंय का ते वाचा. केबलचंही तेच. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअर, म्हणजे ६० वॉटपर्यंत चालते. त्यावर जायचं तर ५ अँपिअरची घ्यावी लागते. आता माझ्याकडे दोन पिनांचा छोटा ६५ वॉटचा चार्जर बॅगेत कायमचा असतो. रेल्वेत तोच उपयोगी, कारण डब्यातले सॉकेट ढिले झालेले असतात आणि जड चार्जर स्वतःच्या वजनानं खाली येतो. डब्यात बऱ्याचदा ११० व्होल्ट असतात. चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असलं की काळजी नाही. बऱ्याच गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ हे पॉइंट बंद ठेवतात, त्यामुळे रात्रीच्या गाडीला बसण्याआधीच बॅटरी भरून घ्यायची.

पॉवरबँक २०,००० एमएएचची आहे. लॅपटॉपसाठी एमएएच बघू नका, वॉट-अवर बघा. २०,००० ला ३.७ व्होल्टनं गुणलं की ७४ वॉट-अवर होतात. वाटेत काही वाया जाते, उरलेल्यात माझा लॅपटॉप जेमतेम एकदा पूर्ण भरतो. विमानातही १०० वॉट-अवरच्या आतली नेता येते, फक्त ती हातातल्या बॅगेत ठेवावी लागते. माझ्या कामात लॅपटॉप ताशी साधारण ८ वॉट-अवर खातो, म्हणजे बॅटरीवर सात तास आणि पॉवरबँकेवर आणखी तेवढेच. बॅटरी रिपोर्टमध्ये आज पूर्ण क्षमता ५४ वॉट-अवर दाखवते. घरी असताना चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय चालू ठेवली आहे.

आणि रेंज. यावर मी सगळ्यात जास्त शिकले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गुहागर तालुक्यातल्या एका संस्थेत होते. जांभ्याच्या भिंतींची जुनी इमारत, बाहेर धो धो पाऊस. दुपारी बाराला लाइट गेली. फोनवर चांगल्या तीन काड्या दिसत होत्या, म्हणून मी निवांत राहिले. म्हटलं, ताळेबंद जुळला की संध्याकाळी एकदमच सगळं चढवू. साडेतीनच्या सुमारास रेंज गेली ती गेलीच. सचिवकाका म्हणाले, “मॅडम, लाइट गेली की टॉवर बॅटरीवर चालतो. तीन तास म्हणजे आमच्याकडे डोक्यावरून पाणी.” हे तिथल्या माणसांना पाठ होतं, मला नव्हतं. तेव्हापासून नियमच केला: लाइट गेली की पहिल्या तासात जे काही पाठवण्यासारखं असेल ते पाठवून टाकायचं, मग हिशोब.

काकांनी दुसरीही गोष्ट दाखवली. माझा दुसरा फोन, ज्यात दुसऱ्या कंपनीचं सिम आहे, तो त्यांनी दुधाच्या स्वच्छ पिशवीत घातला, तोंड सुतळीनं बांधलं आणि खिडकीच्या गजाला बाहेरच्या बाजूनं अडकवला. आत शून्य काडी होती, तिथे दोन आल्या. जांभ्याची भिंत फूटभर जाड, ती रेंज खाते. खिडकीबाहेरच्या फोननं हॉटस्पॉट आत पोचवला. हॉटस्पॉट २.४ गीगाहर्ट्झवर ठेवला होता, कारण तो भिंतीतून ५ गीगाहर्ट्झपेक्षा बरा येतो. पावणेपाचला अहवाल गेला. त्या पिशवीवर पावसाचे थेंब वाजत होते आणि आत टक्केवारी सरकत होती, तो आवाज अजून कानात आहे.

म्हणून माझं मत असं, की लॅपटॉपवर आणखी दहा हजार घालण्यापेक्षा जुना टाइप-सी फोन हॉटस्पॉटसाठी वेगळा काढा आणि त्यात तुमच्या मुख्य सिमपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम टाका. कुठली कंपनी चांगली हा प्रश्नच चुकीचा आहे. त्या गावात टॉवर कोणाचा, हा प्रश्न. जायच्या आदल्या दिवशी संस्थेत फोन करून विचारायचं. वीज असेल तिथे मी हॉटस्पॉटऐवजी केबलनं जोडते, म्हणजे फोनही चार्ज होतो आणि तापतही नाही.

रेल्वेत वेगळा हिशोब. चिपळूणहून रत्नागिरीला जाताना उक्शी ते भोके यांच्यामध्ये करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. त्याच्या आधी मोठी फाइल चढवायला लावली तर ती अर्ध्यावर तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून. मी गाडीत फक्त ऑफलाइन काम करते, फाइली रांगेत लावून ठेवते आणि गाडी स्टेशनात थांबली की पाठवते. मोठ्या बऱ्याच स्टेशनांवर रेल्वेचं मोफत वायफायही मिळतं, दिवसाला अर्धा तास. मात्र संस्थेचा डेटा किंवा डिजिटल सही मी तसल्या वायफायवर कधीच वापरत नाही. त्यासाठी स्वतःचं सिम.

विंडोजमध्ये हॉटस्पॉटचं कनेक्शन ‘मीटर्ड’ (म्हणजे डेटा मोजका आहे, जपून वापर) करायला विसरू नका. एप्रिलमध्ये मी विसरले आणि रोजचा २ जीबीचा कोटा सकाळी साडेदहाला अपडेटनं खाऊन टाकला. त्यानंतर वेग ६४ केबीपीएस. एक पानाची पीडीएफ जायला मिनिटं लागत होती आणि समोर संचालक मंडळ बसलेलं.

पावसाळ्यासाठी एक. एसी डब्यातून चिपळूणला उतरलात की लॅपटॉप लगेच उघडून चालू करू नका. थंड यंत्रावर दमट हवेचं पाणी धरतं, पडद्यावर तर डोळ्यांना दिसतं. बॅगेतच अर्धा तास राहू द्या. बॅगेत मी सिलिका जेलच्या पुड्या ठेवते.

तक्रार एकच, पण मोठी. पाचव्या महिन्यात कीबोर्डचं एक बटण अडकू लागलं. वॉरंटी ‘घरी येऊन दुरुस्ती’ची घेतली होती. फोन केल्यावर कळलं, आमचा पिनकोड त्यात बसत नाही, लॅपटॉप कोल्हापूरला न्यावा लागेल. जाऊन-येऊन नऊ दिवस गेले, ऐन सप्टेंबरच्या सभांच्या वेळी. वॉरंटीचे पैसे भरण्यापूर्वी तुमचा पिनकोड सांगून लेखी उत्तर घ्या, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. त्या नऊ दिवसांत मी तरले ती केवळ बाहेरच्या एसएसडीवर रोज रात्री घेतलेल्या प्रतीमुळे. ती सवय २०२१ च्या २२ जुलैपासूनची. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं आणि माझ्या ऑफिसातल्या फाइलींचा लगदा झाला. डिस्क एन्क्रिप्शननं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, कुलूपबंद केलेली आहे, आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून माहेरच्या कपाटात ठेवली आहे. ठेवीदारांची नावं आणि रकमा या यंत्रात असतात. ते चोरीला गेलं तरी आतलं कोणाच्या हाती लागता कामा नये.

पुढच्या आठवड्यात राजापूर तालुक्यात जायचं आहे. काल फोन करून विचारलं. माझं पहिलं सिम तिथे चालत नाही, दुसरं चालतं, आणि ते सुद्धा मागच्या पडवीत.