एक फर्मा गायब, तरीपण चार स्टार

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका गल्लीत जुन्या पुस्तकांचं दुकान आहे, बोर्ड नाही त्यामुळं नाव विचारू नका, सगळे काकांचं दुकान म्हणतात. पुढं बारावीची गाईडं आणि स्पर्धा परीक्षांचे गठ्ठे, खरा माल आत, आणि आत ट्यूब एकच, ती पण फडफडत. गेल्या महिन्यात तिथं क्रिकेटच्या ढिगात एक इंग्लिश पुस्तक सापडलं, मुखपृष्ठ नाही, टायटलचं पान नाही, डायरेक्ट पान ७ पासून सुरू. काकांनी उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "बेसबॉलचं हाय वो, हितं कोण घेतंय, १२० द्या." दिले.

आता बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल मॅचला घसा बसवून घेत वाढलेला माणूस मी. जॅकी रॉबिन्सन हे नाव तेवढं ऐकलेलं, १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिन डॉजर्स या टीमकडनं उतरला आणि काळ्या खेळाडूंना मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉलमध्ये, न घेण्याचा साठेक वर्षांचा अलिखित नियम मोडला, एवढंच. पण हे पुस्तक त्याच्यावर नाहीच, त्याच्याआधी दहा वर्षं हे प्रकरण पेपरात लावून धरणाऱ्या बातमीदारांवर आहे.

त्यातला वेंडेल स्मिथ म्हणजे विषय हार्ड. पिट्सबर्ग कुरियर या काळ्या लोकांच्या साप्ताहिकाचा माणूस. पोरगा असताना स्वतः भारी पिचर (बॉल टाकणारा) होता, एक मॅच १-० नं जिंकून दिली तर नवे खेळाडू हेरायला आलेल्या स्काउटनं त्याच्याच टीमचा गोरा कॅचर उचलला आणि याला सांगितलं, तू काळा आहेस, तुला घेता येत नाही. मग हा लिहायला लागला. क्लबचे मालक कायम एकच रडगाणं गायचे, आमची काय हरकत नाही हो, पण गोरे खेळाडूच सोबत खेळायचे नाहीत. यानं काय केलं, १९३९ मध्ये नॅशनल लीगच्या टीमा पिट्सबर्गला यायच्या तेव्हा हॉटेलच्या लॉबीत जाऊन खेळाडूंनाच विचारलं, ४० खेळाडू आणि ८ मॅनेजर, एकेकाला गाठून, आणि बहुतेकांनी सांगितलं आम्हाला काय प्रॉब्लेम नाही. छापून टाकलं सगळं नावानिशी. मालकांच्या बोलण्यातली हवाच गेली. हा भाग मी दुकानातल्या स्टुलावर बसूनच वाचून काढला, काकांनी हटकलं नाही, उलट चहा सांगितला.

सॅम लेसी म्हणून दुसरा एक, बाल्टिमोरच्या ॲफ्रो-अमेरिकन या पेपरचा. न्यू ऑर्लिन्सला प्रेस बॉक्समध्ये (बातमीदारांच्या जागेत) घेईनात तर हा छतावर जाऊन बसला, आणि थोड्या वेळानं काही गोरे बातमीदार पण त्याच्या शेजारी वर येऊन बसले. वाचताना आपले दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळू आठवत होते, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ विकेट काढणारा माणूस, त्याला पुण्यात चहा पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात, आणि हिंदू टीमची (तेव्हा धर्मावर टीमा असायच्या) कॅप्टनशिप त्याला कधी दिलीच नाही, ती १९२३ मध्ये भाऊ विठ्ठलला मिळाली. गंगाराम कांबळे या दलित माणसाच्या हॉटेलात शाहू महाराज मुद्दाम चहाला जायचे त्या गावात बसून हे वाचायचं म्हणजे जरा वेगळंच वाटतं.

एक गोष्ट मात्र खटकली. स्मिथ रॉबिन्सनसोबत फिरायचा, राहायची सोय बघायचा, आणि त्यासाठी डॉजर्स त्याला आठवड्याला ५० डॉलर द्यायचे. आज कोण असं करेल तर आपण त्याला पाकीट पत्रकार म्हणून मोकळे होऊ. पुस्तकात हे दोन ओळींत उरकलंय, मला यावर अजून पाहिजे होतं.

आता तक्रार. १६ एप्रिल १९४५, बोस्टनचं फेनवे पार्क, स्मिथनं रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्व्हिन विल्यम्स या तिघांना ट्रायलला नेलंय, पोरं बॅट घेऊन उतरली, पान उलटलं आणि डायरेक्ट १६ पानं पुढं! अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेला पानांचा गठ्ठा, गायब. (पुढं काय झालं ते मोबाईलवर बघितलं, बोस्टनच्या रेड सॉक्स टीमनं कुणालाच परत बोलावलं नाही, आणि काळा खेळाडू घेणारी सगळ्यात शेवटची टीम तीच, १९५९ मध्ये.) परत गेलो तर काका म्हणाले, "मोजून बघायचं न्हाई व्हय घेताना?" पण ५० रुपये परत दिले, न मागता. वर वहीत लिहून ठेवलंय, दुसरी कॉपी आली तर तेवढी पानं झेरॉक्स करून देतो म्हणून.

एक स्टार ट्यूबचा आणि फर्म्याचा मिळून कापतोय. जाणार असाल तर दुपारी १ ते ४ बंद असतं, सोमवारी सुट्टी, आणि सुट्टे पैसे घेऊन जावा, पाचशेची नोट बघितली की काकांचा चेहरा बदलतो.