सरकारी गाडीनं ठोकलं: आपली पॉलिसी की ट्रिब्युनल?

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की नागपुरात जिकडेतिकडे सरकारी गाड्या. त्यातल्या एखादीनं आपली गाडी चेपली तर काय करावं, हे मला कोणी ना कोणी विचारतंच. माणसाला लागलं असेल तर तुलनाच नको. सरळ मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे ट्रिब्युनल, आणि तेही सहा महिन्यांच्या आत. २०१९ च्या दुरुस्तीनं ही मुदत घातली आहे. पुढचं सगळं फक्त पत्र्याबद्दल.

आधी नंबर प्लेट बघा. काचेवर ‘महाराष्ट्र शासन’ असलं तरी प्लेट पिवळी असेल तर गाडी भाड्याची. तिला विमा लागतोच, म्हणजे समोर विमा कंपनी येते. पांढरी प्लेट आणि आरसी खात्याच्या नावावर असेल तर खरी पंचाईत. सरकारच्या स्वतःच्या गाड्या व्यापारी कामाच्या नसतील, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ त्यांना विम्याच्या सक्तीतून सूट देतं. तेव्हा नुकसान मागायचं ते थेट शासनाकडे.

आमच्या बाबतीत अशाच एका जीपनं सिव्हिल लाइन्समध्ये रस्त्याकडेला उभ्या दोन गाड्या घासल्या. एक माझी, दुसरी प्रतापनगरच्या एका काकांची. मी माझ्या पॉलिसीवर क्लेम टाकला, काका ट्रिब्युनलात गेले.

कागदावर काकांचीच बाजू भारी दिसते, हे कबूल. त्यांना पूर्ण बिल मागता येतं, वर व्याजही मिळू शकतं. माझ्याकडे झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, नव्हतं, त्यामुळे प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला गेला, शिवाय १५०० सीसीच्या आतल्या गाडीची १००० रुपयांची सक्तीची वजावट. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला तो वेगळाच. चूक त्या ड्रायव्हरची आणि बोनस माझा जावा, याचा राग येतोच. मात्र हा बोनस फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर असतो, थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या, हप्त्यावर नाही. नूतनीकरणाच्या वेळी आकडा बघितला तेव्हा तो राग बराच उतरला. २० टक्क्यांपासून ५० पर्यंत पुन्हा चढायला पाच वर्षं लागतात, ती जातील.

माझं पारडं फिरलं ते ‘परिच्छेदनिहाय अभिप्राय’ या प्रकारामुळे. काकांच्या अर्जाला उत्तर द्यायचं तर सरकारी वकिलांना खात्याकडून प्रत्येक परिच्छेदावर अभिप्राय हवेत. खातं ते जिल्हा कार्यालयाला विचारतं, जिल्हा कार्यालय उपविभागाला, आणि उपविभागातल्या त्या ड्रायव्हरची तोवर बदली झालेली. मग लॉगबुकची प्रत मागायला फाइल परत खाली. तोवर कोर्टात पुढची तारीख. काका कार्यालयात गेले तर बाबू अगदी गोड बोलायचा, “भाऊ, अभिप्राय आले की सांगतो ना.” कोणी वाईट वागलं असंही नाही, उलट चहा पाजला. पण ‘ठीक आहे, एवढे घ्या आणि मिटवा’ असं म्हणू शकणारा माणूस त्या अख्ख्या इमारतीत नव्हता. विमा कंपनीचा अधिकारी घासाघीस करतो, पण लोकअदालतीत निदान आकडा तरी बोलतो. इथं पैसे द्यायचे तर आधी वरची मंजुरी. शिवाय बिल सिद्ध करायला गॅरेजवाल्याला साक्षीला आणायचं, म्हणजे त्याचीही मनधरणी.

माझ्याकडे सर्व्हेअर आला, फोटो काढले, गाडी गॅरेजला लागली. त्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही. काकांचा वकील जास्त हुशार होता आणि त्यांचा मुद्दा माझ्यापेक्षा पक्का, एवढं मात्र म्हणेन. ज्यांना चिकाटी आहे आणि नुकसानही मोठं आहे, त्यांना कदाचित तोच मार्ग योग्य वाटेल. मला गाडी रोज लागते.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच: पोलिसांत नोंद आणि जागेवरचा पंचनामा. नुसता पत्रा चेपला असेल तर ठाण्यात कंटाळा करतात, तरी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. जीपचा नंबर, खात्याचं नाव आणि ड्रायव्हरचा फोटो तिथल्या तिथे घ्यावा.

आपल्या पॉलिसीतून पैसे घेतले म्हणून शासन सुटत नाही. कंपनी तुमच्याकडून हक्क हस्तांतराचं पत्र घेते आणि तिला वाटलं तर तीच वसुलीच्या मागे लागते. घसाऱ्याचे कापलेले पैसे तुम्हाला शासनाकडून हवे असतील, तर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या व्हाउचरवर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. मी त्या फंदात पडलो नाही.

आणि पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची असेल तर वरची निवड तुमच्यापुढे नाहीच. बिलं आणि फोटो घेऊन ट्रिब्युनलच.