डॉइचलांड तिकीट १३ महिने वापरल्यानंतर: ऑग्सबर्गहून पोरांना घेऊन वीकेंडचं म्युनिक

ऑक्टोबर २०२४ ते नोव्हेंबर २०२५ आम्ही जर्मनीत ऑग्सबर्गला होतो, नवऱ्याच्या कंपनीच्या कामानिमित्त. आता जुळे सोलापूरला परत आलोय आणि नणंदेचं कुटुंब तिकडंच निघालंय. ताईंचे रोज फोन, की शनिवार-रविवार म्युनिकला जायचं तर तिकीट कुठलं काढायचं, पास परवडतो का, पोरं दमतात का. फोनवर अर्धं सांगायचं राहतंच म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय, अजून कुणाला उपयोगी पडलं तर चांगलंच.

आमची थोरली तेव्हा आठ वर्षांची, धाकटा चार. ऑग्सबर्ग ते म्युनिक साधारण ६० किलोमीटर, म्हणजे सोलापूरहून तुळजापूरपेक्षा लांब पण पंढरपूरपेक्षा जवळ. साध्या गाडीनं पाऊण तासाच्या आसपास.

डॉइचलांड तिकीट म्हणजे महिन्याचा पास. मे २०२३ ला सुरू झाला तेव्हा ४९ युरो होता, आम्ही पहिले दोन महिने ४९ नं भरले, जानेवारी २०२५ पासून ५८ झाला आणि आता जानेवारी २०२६ पासून ६३. यात अख्ख्या जर्मनीतल्या साध्या रेल्वेगाड्या, मेट्रो, ट्राम, सिटीबस सगळं येतं, फक्त आयसीई, आयसीसारख्या फास्ट गाड्या चालत नाहीत आणि डबा सेकंड क्लासचाच. पास ज्याच्या नावावर त्यानंच वापरायचा, नवऱ्याचा मी वापरला असं होत नाही, त्यामुळं ओळखपत्र जवळ पाहिजेच.

पहिल्या महिन्यात आम्ही पास काढलाच नव्हता, दर वेळी बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यातल्या साध्या गाड्यांचं तिकीट, काढायचो. ते एका दिवसाचं असतं, पाच जणांपर्यंत एकत्र चालतं आणि आपली स्वतःची ६ ते १४ वयाची मुलं त्यात फुकट. तिकीट चांगलंय, पण आमचं काय व्हायचं ते सांगते. दिवसभराचे पैसे भरलेत म्हटल्यावर दिवसभर फिरलंच पाहिजे असं डोक्यात बसायचं. आपल्याकडं पुण्याला जातो ना तसंच, भल्या सकाळी हुतात्मा धरायची, जायला चार तास यायला चार तास, म्हणून मग एका दिवसात सारसबाग पण, लक्ष्मी रोडची खरेदी पण, आत्याकडं चहा पण, कारण परत कधी येणं होईल सांगता येत नाही. तीच सवय घेऊन आम्ही म्युनिकला गेलो. दुसऱ्याच खेपेला दुपारी दोन वाजता मारिएनप्लाट्झच्या भर चौकात धाकट्यानं जमिनीवर लोळण घेतली, थोरली भुकेनं रडवेली, आणि आम्ही दोघं एकमेकांवर चिडलेलो, तरी संध्याकाळी सहापर्यंत फिरत राहिलो. घरी आल्यावर मला खूप वाईट वाटलं, की पोरांचा रविवार आपण वसुलीत घालवला.

नोव्हेंबरपासून पास घेतला आणि फरक पडला तो इथंच. पैसे एक तारखेला गेलेले असतात, त्यामुळं आजच्या फेरीचा वेगळा हिशोब राहतच नाही. सकाळी दहाला निघालो, पोरगं कंटाळलं, एकच्या गाडीनं परत, काही बुडालं नाही. पाऊस आला तर पुढच्या रविवारी. एकदा तर फक्त अकराचं घड्याळ बघायला गेलो, मारिएनप्लाट्झच्या टाऊन हॉलवर रोज ११ आणि १२ ला बाहुल्या फिरतात, मार्च ते ऑक्टोबर संध्याकाळी ५ ला पण. ते बघितलं, एकेक ब्रेझेल (पिळाचा खारा पाव) खाल्लं आणि जेवायला घरी. माझ्या मते या पासची खरी किंमत हीच आहे, अर्ध्या दिवसासाठी जाता येणं.

पण ताई, तुमच्यासारख्या शाळेतली मुलं असलेल्यांनी एक गोष्ट नीट बघा. सहा वर्षांच्या आतली मुलं फुकट, पण त्यापुढच्या मुलांना आईबापाचा डॉइचलांड तिकीट पास चालत नाही, तिथं बायर्न तिकिटासारखी सोय नाही. थोरलीचं आम्हाला प्रत्येक वेळी वेगळं अर्धं तिकीट काढावं लागायचं. महिन्यातनं एकदाच जाणार असाल आणि नोकरीला जायला पास लागत नसेल तर बायर्न तिकीटच बरं पडतं. आम्ही महिन्यातनं तीनदा तरी जायचो, नवऱ्याचं ऑफिस आणि माझा भाषेचा क्लास पण त्याच पासवर व्हायचा, म्हणून आम्हाला पुरला.

दुसरी सावधगिरी कॅन्सल करायची. पास दर महिन्याला आपोआप पुढं चालू राहतो आणि खात्यातनं पैसे कापले जातात, बंद करायचा असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. आम्ही परत निघायच्या गडबडीत १२ नोव्हेंबरला कॅन्सल केला. डिसेंबरचे दोघांचे मिळून ११६ युरो गेले आणि आम्ही तर तेव्हा सोलापुरात. सासू-सासरे जूनमध्ये आले होते तेव्हा मात्र हे नीट केलं, त्यांचा पास घेतला की लगेच त्याच आठवड्यात कॅन्सल टाकून दिला, महिना पूर्ण वापरायला मिळाला.

आता शहरात कसं फिरायचं. बाबागाडी असेल तर म्युनिकच्या मुख्य स्टेशनवर उतरू नका असं माझं मत आहे, तिथं मोठं बांधकाम चालू आहे आणि लांबलांब चालावं लागतं. त्याच्या आधी पासिंग नावाचं स्टेशन येतं, तिथं उतरून एसबान, म्हणजे शहरातली लोकल, धरायची, ती सरळ मारिएनप्लाट्झ आणि ईझारटोअरला जाते. आम्हाला हे कळायला चार महिने लागले. ईझारटोअरहून डॉइचेस म्युझियम चालत जाता येतं, नदीतल्या बेटावर आहे. तिथं लहान मुलांसाठी किंडरराइश म्हणून वेगळा भाग आहे, आत शिरता येईल एवढी मोठी गिटार आहे, फायर ब्रिगेडची गाडी आहे, पाण्याचे खेळ आहेत, धाकट्याला दुसरं काही नकोच असायचं. बदलायचे कपडे न्या, तो दर वेळी भिजला. म्युझियमचा निम्मा भाग दुरुस्तीसाठी बंद आहे पण चार वर्षांच्या पोराला उघडा भाग सुद्धा एका दिवसात संपत नाही.

रविवारी दुकानं बंद असतात, जवळजवळ सगळी, हे सोलापूरच्या माणसाला पटायला वेळ लागतो. त्यामुळं ज्वारीचं पीठ, कढीपत्ता असलं सामान आणायचं तर शनिवार, म्युनिकच्या मुख्य स्टेशनच्या दक्षिणेकडच्या गल्ल्यांत तुर्की आणि आपल्याकडची दुकानं भरपूर आहेत. आणि रविवार ठेवायचा सरकारी म्युझियमसाठी, कारण आल्टे पिनाकोथेक, पिनाकोथेक डेर मॉडर्नं अशा ठिकाणी रविवारी मोठ्यांना फक्त १ युरो आणि १८ च्या आतल्यांना फुकट. चौघांचं २ युरोत. मॉडर्नंमध्ये खुर्च्या, रेडिओ, जुने कॉम्प्युटर मांडलेत ते थोरलीला लई आवडायचं, वही घेऊन खुर्च्यांची चित्रं काढत बसायची.

जेवण घरूनच. कडक भाकरी आणि शेंगा चटणी यासारखा प्रवासाचा डबा नाही, सांडत नाही, गरम करावं लागत नाही, दोन दिवस टिकतं. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या भरून न्यायच्या.

सासू-सासऱ्यांना मी वेस्टपार्कला नेलं. १९८३ च्या उद्यान प्रदर्शनासाठी केलेली बाग आहे, त्यात नेपाळी लाकडी पॅगोडा, थायलंडची छोटी बुद्धाची जागा, चिनी-जपानी बगीचे आहेत. प्रवेश फुकट, बसायला जागा भरपूर. सासूबाईंनी बुद्धासमोर चपला काढून हात जोडले आणि बराच वेळ तिथंच बसून राहिल्या, म्हणाल्या, "इथं आल्यापासनं पहिल्यांदा ओळखीचं काहीतरी दिसलं बघ."

गाड्यांचं खरं ते लिहिते. वीकेंडलाच रुळांची कामं काढतात, गाडी रद्द होते आणि बदली बस देतात. फेब्रुवारीत एकदा थंडीत पोरांना घेऊन वाटेतल्या मेरिंग स्टेशनबाहेर जवळजवळ एक तास बसची वाट बघितली, धाकट्याचे हात गार पडलेले, तेव्हा मला रडू आलं. त्यानंतर नियमच केला, आदल्या रात्री ॲपवर बघायचं आणि काम असेल तर जायचंच नाही. सप्टेंबरअखेरचे ऑक्टोबरफेस्टचे शनिवार पण सोडून द्या, गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

असाच जूनमधला एक रविवार गाड्या नव्हत्या म्हणून ऑग्सबर्गलाच टेक्सटाइल म्युझियमला गेलो, जुन्या सूतगिरणीच्या इमारतीत आहे, २०१० ला उघडलेलं. ऑग्सबर्ग पण आपल्यासारखंच गिरण्यांचं गाव होतं आणि त्या गिरण्या पण बंद पडल्या. मामांची, म्हणजे सासऱ्यांची, हयात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर गेली. तिथल्या बाईंनी जुना माग चालू करून दाखवला, खडखडाट सुरू झाला आणि मामा एकदम पुढं गेले, नातीला सांगायला लागले, हा धोटा, ही फणी, हा ताणा, बघ सूत तुटलं की कुठं बोट घालायचं. त्या बाईंना मराठी येत नव्हतं आणि मामांना जर्मन, तरी दोघं वीस मिनिटं मागाजवळ उभे होते. म्युनिकचं कुठलंच ठिकाण मामांना एवढं लक्षात नाही.

पासला माझे मार्क ५ पैकी ४. एक मार्क मुलांच्या तिकिटासाठी कापला.

ताई, तुम्ही २० तारखेला पोचताय, त्यामुळं त्या महिन्याचा पास घेऊ नका, पास एक तारखेपासनं मोजतात. पहिले दोन रविवार बायर्न तिकिटावर काढा. आणि बाबागाडी विकत घेऊ नका, आमची तिथंच तळघरात ठेवलीय, खालच्या मजल्यावरच्या आजींकडं चावी आहे, त्यांना माझं नाव सांगा. पुढचं डावं चाक जरा अडकतं, तेल घालून घ्या.