पांडवलेणी की नांदूर मधमेश्वर?

रविवारी पोरांना घेऊन निघायचं, तर नाशिकची पांडवलेणी सोयीची, मुंबई-आग्रा महामार्गालगतच. पायऱ्या चढताना धाप लागते, त्यामुळे आजी-आजोबांनी पायथ्याच्या फाळके स्मारकात बसलेलं बरं. वर 24 लेणी आहेत. तिसऱ्या लेण्याचा ओटा खांद्यावर पेललेले दगडी यक्ष तेवढे दाखवाच, पोरं तिथून हलत नाहीत.

नांदूर मधमेश्वर निफाड तालुक्यात, म्हणजे पहाटे उठणं आलं. गोदावरी-कादवा संगमाजवळचं हे पाणथळ 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलं. थंडीत मनोऱ्यावरून दुर्बीण लावली की चक्रवाक, थापट्या असे पक्षी दिसतात. एरवी एवढी गंमत नाही.

पोरं घटकाभर गप्प बसणारी असतील तर डिसेंबर-जानेवारीत नांदूर, नाहीतर सरळ लेणी. डबा दोन्हीकडे घरचाच न्या.