लिब्रे सेन्सर आणि लो-कार्ब: आलेखावरचा डोंगर पाहून घाबरण्याआधी

दंडाच्या मागे चिकटवायचा, दिवसरात्र शुगर मोजणारा अ‍ॅबटचा फ्रीस्टाइल लिब्रे हा सेन्सर मधुमेहींसाठी निघाला. आता मधुमेह नसलेले, वजन उतरवायला लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचा आहार, धरलेले लोकही तो हौसेने लावतात. वस्तू कामाची आहे, पण या मंडळींच्या हाती पडली की एक गोंधळ हमखास होतो. महिनाभर भात-पोळी बंद, रेष सपाट. मग एका लग्नात मसालेभात आणि चार जिलब्या, आणि आकडा 190. लगेच निदान तयार: ‘मला डायबेटिस झाला’, नाहीतर ‘कार्ब म्हणजे माझ्यासाठी विषच’. या एका आलेखावरून दोन्ही सिद्ध होत नाही.

कार्ब कमी झाले की शरीर चरबीवर चालायला लागतं. रक्तात फॅटी अ‍ॅसिड वाढतात, स्नायू ग्लुकोज कमी उचलतात, आणि जेवणानंतर लगेच सुटणारी इन्सुलिनची पहिली लाटही मंदावते. अशा वेळी अचानक भात आला की शिखर नेहमीपेक्षा उंच जातं आणि उतरायला वेळ लागतो. हे नवं नाही. हिम्सवर्थ या ब्रिटिश डॉक्टरने 1930च्या दशकातच दाखवलं होतं की आधीच्या दिवसांतला आहार बदलला की साखर पचवण्याची क्षमताही बदलते. म्हणूनच 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायच्या चाचणीआधी तीन दिवस रोज किमान 150 ग्रॅम कार्ब खायला सांगतात. लो-कार्ब चालू असताना तशीच चाचणी केली तर दोन तासांचा आकडा उगाच 140च्या वर, म्हणजे नॉर्मलच्या हद्दीबाहेर, जाऊ शकतो. लॅबवाला हे विचारेलच असं नाही, आपणच सांगावं. सकाळची उपाशीपोटीची शुगरही अनेकांची याच कारणाने थोडी चढलेली दिसते.

आता वस्तूकडे. सेन्सर दोन रुपयांच्या नाण्याहून मोठा, साधारण दोन आठवडे चालतो, लावल्यावर पहिला आकडा एक तासाने येतो. बारीक तंतू कातडीखाली साधारण 5 मिलीमीटर जातो. तो रक्त मोजत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातलं ग्लुकोज मोजतो, त्यामुळे शुगर वेगाने चढत-उतरत असताना आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो. बोटाच्या पट्टीशी तुलना करायची तर आकड्याशेजारचा बाण आडवा, म्हणजे शुगर स्थिर असताना करावी. बाण सरळ वर असताना केलेली तुलना म्हणजे दोघांवरही अन्याय. पहिल्या पिढीच्या लिब्रेत आठ तासांचीच साठवण आहे. रात्री नऊला सेन्सरजवळ फोन धरून स्कॅन केलात आणि सकाळी आठला उठलात तर मधला तुकडा आलेखातून गेला.

लावताना दंडाच्या मागची, मांसल आणि झोपताना न दबणारी जागा निवडा. अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, तेल-क्रीम नको. ओल्या कातडीवर लावलेला सेन्सर घामाच्या दिवसांत लवकर सुटतो. पहिल्या दिवसाचे आकडे मनावर घेऊ नयेत, तंतूने झालेली जखम शांत होईपर्यंत ते भरकटतात. रात्री त्याच कुशीवर झोपलात तर दाबाने आकडा खोटा खाली येतो. मधुमेह नाही, शुगर उतरवणारी गोळी नाही आणि पहाटे तीनला 58 दिसलं, तर आधी कूस तपासा. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या आकडा खोटा वर नेतात, लिब्रे 2साठी दिवसाला 500 मिलिग्रॅमच्या वर नको. जेवणातल्या लिंबाचं तेवढं वजन नाही.

अचूकतेत सरासरी नऊ-अकरा टक्क्यांचा फरक गृहीत धरा. म्हणजे दिसणारे 140 खरे 127 किंवा 153 असू शकतात. 138 ला टाळ्या आणि 143 ला उपास, असं करणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. निरोगी माणसंही दिवसातून काही मिनिटं 140 ओलांडतात.

सेन्सरची खरी किंमत वसूल होते ती आपल्याच ताटाची तुलना करताना. त्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा हवा, ‘एक वाटी’ चालत नाही. तुलनेसाठी प्रत्येक पदार्थाचे सारखेच 30 ग्रॅम कार्ब धरायचे तर कच्चं वजन साधारण असं पडतं: ज्वारीचं पीठ 45 ग्रॅम, तांदूळ 38, जाडे पोहे 40, साबुदाणा 35. हे पाहिलं की उपासाच्या खिचडीची भरलेली ताटली म्हणजे काय ते कळतं. आधी तीन तास काही खायचं नाही, वेळ एकच, व्यायाम नाही. चार गोष्टी टिपा: सुरुवातीचा आकडा, शिखर, शिखर किती मिनिटांनी, आणि मूळ पातळीवर परत केव्हा. नुसतं शिखर लिहून भागत नाही. 85 वरून 130 आणि 110 वरून 130 या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच पदार्थाचा आलेख दोन दिवशी बराच वेगळा निघतो, झोप कमी झाली तरी वर जातो, म्हणून किमान दोनदा करून मगच मत बनवा.

मग तोच पदार्थ, क्रम बदलून. आधी कोशिंबीर आणि पनीर किंवा अंडी, दहा मिनिटांनी भाकरी. दुसऱ्या दिवशी जेवून लगेच पंधरा मिनिटं चालणं. बहुतेकांच्या आलेखात या दोन्हींनी शिखर बुटकं होतं, आणि फुकट होतं.

तुपाचं मात्र जपून वाचा. तूप घातलेली पुरणपोळी पहिल्या तासात सभ्य दिसते, आणि ‘तुपाने शुगर वाढत नाही’ असं म्हणत दुसरी पोळी घेतली जाते. चरबीने जठर हळू रिकामं होतं, साखर येते ती उशिराने, आणि तीन-चार तास रेंगाळते. दोन तासांवर आलेख बंद करणाऱ्याला ती दिसतच नाही. ‘शुगर-फ्री’ मिठाईचंही तसंच. तीत माल्टिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असेल तर ती साखरेपेक्षा कमी चढवते, शून्य नव्हे. पाकिटाच्या मागे एकूण कार्ब वाचा.

लो-कार्ब सोडून पुन्हा भात-पोळीकडे यायचं असेल तर एका दिवसात उडी नको. रोज थोडे कार्ब वाढवत तीन-चार दिवसांत दिवसाला 150 ग्रॅमपर्यंत जा, आणि त्यानंतरचा आलेख खरा माना. तेव्हाही दोन तासांनी 140च्या वर राहत असेल तर रक्ततपासणी करून डॉक्टरांकडे. अ‍ॅप जो अंदाजी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) दाखवतं तो तपासणीची जागा घेत नाही.

औषधं चालू असलेल्यांनी हा खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. ग्लिमेपिराइडसारखी इन्सुलिन वाढवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कार्ब एकदम कमी केले तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांवर त्याहून फसवं: सेन्सर 150-200 दाखवत असताना रक्त आम्लधर्मी करणारा, जिवावर बेतणारा कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. मळमळ, उलटी, धाप लागली तर आकडा बघत बसू नका, दवाखाना गाठा.

घ्यावा का? एक घ्यावा, दोन आठवडे मनापासून वापरावा. मधुमेह नसेल तर दर पंधरवड्याला नवा लावण्याइतकं नवीन काही तो सांगत नाही, आणि खर्च हजारांत आहे. नुसत्या दोन-चार पदार्थांची शंका असेल तर साधा ग्लुकोमीटर पुरतो: खाण्याआधी, 45 मिनिटांनी, दीड तासाने आणि दोन तासांनी, अशा पदार्थामागे चार पट्ट्या. फक्त हापूस सोलून त्याच बोटाला सुई टोचू नका. बोटावरच्या रसाने आकडा भलताच वर जातो, आणि स्पिरिटच्या बोळ्याने ती साखर नीट निघत नाही. नळाखाली हात धुवून, कोरडे करूनच टोचा.