लवंग बुडते, गवती चहा तरंगतो : सुगंधी तेलाच्या फवारणीचे सात महिने

आधी वॉशरचं बोलू. बॅटरी पंपाच्या ट्रिगरमध्ये एक काळा रबरी वॉशर असतो, दहा रुपयांचा. नवा असताना खाचेत टक्‌कन बसतो. किडीवरच्या सुगंधी तेलाच्या औषधाच्या सात-आठ फवारण्या झाल्यावर तोच वॉशर फुगून खाचेबाहेर आला, नखाने दाबला तर खोडरबरासारखा मऊ. ट्रिगर सोडला तरी नोझलमधून थेंब थेंब चालूच. पाठोपाठ मोटरच्या डायफ्रॅमनेही, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या रबरी पडद्यानेही, मान टाकली: प्रेशर धरेना, त्यामुळे प्रेशर स्विच बंद होईना, मोटर घरघरत राहिली आणि तिसऱ्या टाकीच्या आतच बॅटरी बसली. औषधाची बाटली ६४० रुपयांची, मोटरची दुरुस्ती त्याहून महाग.

औषध म्हणजे संत्र्याच्या सालीचं तेल आणि गवती चहाचं तेल यांचं तयार मिश्रण, २५० मिली, लीटरला ३ मिली. १६ लीटरच्या टाकीला ४८ मिली, म्हणजे बाटलीत जेमतेम पाच टाक्या आणि टाकीमागे १२३ रुपये. दहा गुंठ्यांना ५० लीटर पाणी धरलं तर एका फवारणीला ३८४ रुपये. नोव्हेंबर ते मे वापर, सासवड बाजूला, मिरची, भेंडी आणि थोडी वांगी. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण लेबल सोडलं तर असल्या बहुतेक बाटल्यांचा मामला सारखाच आहे.

तक्रारीच्या नंबरावर पहिलं उत्तर: "सर, पंप लोकल आहे का?" दुसरं: "सोबत आमचं स्टिकर वापरा." स्टिकर म्हणजे औषध पानाला चिकटवणारं द्रव, अर्थातच वेगळं विकत.

पहिल्या दोन महिन्यांचं मत असं होतं: औषध चांगलं, पण पंप खातं. संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांच्या वर लिमोनीन असतं आणि ते उत्तम द्रावक आहे. थर्माकोलच्या तुकड्यावर दोन थेंब टाका, भोक पडतं. साधं रबर त्यात विरघळत नाही, पण तेल पिऊन फुगतं. ईपीडीएम या कृत्रिम रबराचा वॉशर तर लवकरच. त्यामुळे दोष तेलावर टाकून मोकळं होणं सोपं होतं.

ते मत आता मागे घ्यावं लागतंय. ३ मिली तेल लीटरभर पाण्यात नीट मिसळलेलं असेल तर रबराला तेल लागतं ०.३ टक्का, आणि तेवढ्याने वॉशर सात-आठ फवारण्यांत फुगत नाही. फुगला याचा अर्थ त्याला निखळ तेल लागलं. ते कुठून आलं, हे काचेच्या बरणीने दाखवलं.

एक लीटर बोअरचं पाणी, ३ मिली औषध, झाकण लावून वीस वेळा हलवलं. पांढरं दूध झालं. दहा मिनिटांत वर पिवळसर साय, खाली दह्याच्या फुटीसारखे कण. तेच औषध नळाच्या पाण्यात तासभर दुधासारखं राहिलं. कारण सरळ आहे. तेल पाण्यात धरून ठेवायला बाटलीत जे काही घातलंय ते साबणाच्या जातीचं असणार. कठीण पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला पकडून त्याची चिकट साय करतं आणि तेल सुटं होतं. नळाला येणारं धरणाचं पाणी मऊ, त्यात हे जमतं. काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी कठीण, त्यात फुटतं. आंघोळीला फेस येत नाही ते पाणी फवारणीलाही तसंच वागणार.

आता टाकीत काय होतं ते बघा. गवती चहाचं तेल पाण्यापेक्षा हलकं, घनता ०.८९ च्या आसपास. संत्र्याचं आणखी हलकं, ०.८४. सुटलेलं तेल वर तरंगतं. पंप पाणी ओढतो तळातून. म्हणजे पहिल्या चौदा लीटरमध्ये जवळजवळ नुसतं पाणी आणि शेवटच्या दोन लीटरमध्ये सगळं औषध. शेवटच्या ओळीची पानं कडेने तपकिरी होऊन वळली होती, पहिल्या ओळींवर फुलकिडे मजेत. आणि काम संपल्यावर नळीत, ट्रिगरमध्ये, डायफ्रॅमवर रात्रभर बसून राहिलं ते हेच शेवटचं तेलकट पाणी.

हलकं तेल तरंगतं तसं लवंगेचं बुडतं. त्याची घनता १.०४ ते १.०६, पाण्यापेक्षा जड. लवंगेचं तेल फुटलं की तळाशी थेंब जमतात आणि पंप सुरू केल्या केल्या तेच आधी बाहेर येतात, भाजते ती पहिली ओळ. त्यामुळे फवारणीनंतर दोन दिवसांनी फक्त कुठली ओळ करपली एवढं पाहिलं तरी टाकीत काय घडलं ते कळतं. शेवटची ओळ करपली तर हलकं तेल वर आलं होतं, पहिली करपली तर जड तेल खाली बसलं होतं. सगळ्या ओळी सारख्या करपल्या तर डोस जास्त किंवा ऊन जास्त.

यातूनच या सात महिन्यांतली एकमेव आनंदाची गोष्ट सापडली. दोन भाग लवंगेचं आणि एक भाग गवती चहाचं तेल एकत्र केलं की दोन्ही एकमेकांत पूर्ण मिसळतात आणि मिश्रणाची घनता पाण्याच्या अगदी जवळ येते. मग थेंबांना ना वर जायची घाई, ना खाली बसायची. बरणीत हे दूध तयार बाटलीपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकलं, बोअरच्या पाण्यातसुद्धा. अट एकच, तेल पाण्यात धरून ठेवायला साबणाऐवजी ट्वीन ८० नावाचं द्रव. ते कठीण पाण्यात फुटत नाही.

१६ लीटरच्या टाकीचं माप: लवंगेचं तेल २० मिली, गवती चहाचं १० मिली, ट्वीन ८० तेलाइतकंच, ३० मिली. ट्वीन मधासारखं घट्ट आणि पिवळं असतं, चमच्याला चिकटतं, म्हणून सिरिंजने मोजा. स्टीलच्या भांड्यात आधी तेल आणि ट्वीन कोरडंच दोन मिनिटं घोटायचं. त्यात पाण्याचा थेंबही नको. मग पाणी चमचा चमचा. सुरुवातीला ते जेलीसारखं दाट होतं, तिथे घाबरून भस्सकन पाणी ओतलं की खेळ संपला. घोटत राहा, ते सैल पडून पांढरं होतं. अर्धा लीटर झालं की अर्ध्या भरलेल्या टाकीत गाळून ओता, वरून उरलेलं पाणी. तेल थेट भरलेल्या टाकीत ओतून काठीने ढवळणं, जे लेबलवर छापलंय, त्याने कधीच नीट मिसळत नाही. ग्लासभर द्रावण बाजूला काढून अर्धा तास ठेवा. वर कडं किंवा तळाला थेंब दिसले तर ती टाकी पिकावर न्यायची नाही. तयार द्रावण दोन तासांत संपवा.

ट्वीन आणि दोन्ही तेलं पुण्याच्या रविवार पेठेत सुटी मिळाली, टाकीचा हिशोब ७५ रुपयांच्या आसपास बसला. १२३ च्या जागी ७५, आणि वॉशर शाबूत.

सुटं तेल घेताना टीपकागद खिशात ठेवा. एक थेंब टाकून दिवसभर सावलीत ठेवायचा. खरं सुगंधी तेल उडून जातं, मागे फार तर पुसटसा डाग. भज्यांच्या कागदासारखा पारदर्शक डाग राहिला तर त्यात गोडंतेल किंवा तसलंच काही मिसळलंय. कडुनिंबाचं तेल या परीक्षेत नापास होतं, पण तो भेसळीचा दोष नव्हे. ते बियांचं स्थिर तेल आहे, उडणारं नाही. दुकानदार दोन्ही एकाच फळीवर ठेवतात आणि गिऱ्हाईक दोन्हीकडून एकच अपेक्षा धरतं, तिथे गोंधळ होतो. कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टीन किडीची भूक आणि कात टाकणं बिघडवतं, परिणाम दिसायला दिवस लागतात. सुगंधी तेल किडीच्या नसांवर जातं. कीटकांच्या नसांमध्ये ऑक्टोपामाइन नावाचा निरोप्या असतो, त्याच्या कामात ही तेलं ढवळाढवळ करतात. माणसाच्या शरीरात त्याचं महत्त्व नगण्य, म्हणून ही तेलं आपल्याला त्या मानाने सौम्य. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. लवंगेचं नितळ तेल हाताला लागलं की आग होते, हातमोजे हवेतच, आणि घरात मांजर असेल तर बाटली तिच्यापासून लांब ठेवा, तिच्या यकृताला ही तेलं पचत नाहीत.

आता कीड. मिरचीवर फुलकिड्यांसाठी मोजणी अशी: दहा झाडं ठरवून घ्या, प्रत्येकाचा शेंडा पांढऱ्या कागदावर तीनदा आपटा, पडलेले मोजा. फवारणीच्या आधी, २४ तासांनी आणि पाचव्या दिवशी. दुसऱ्या दिवशी आकडा निम्म्याच्या खाली येतो आणि माणूस खूश होतो. पाचव्या दिवशी तो परत चढलेला असतो आणि माणूस बाटलीला शिव्या देतो. दोन्ही अकारण. फुलकिड्याची अंडी पानाच्या आत, कोष मातीत. तेल पोचतं फक्त पानावरच्या पिल्लांना आणि प्रौढांना. त्यात ते उडून जातं, दुसऱ्या दिवशी वासही नसतो. त्यामुळे एक फवारणी म्हणजे पैसे पाण्यात. चार-पाच दिवसांच्या अंतराने लागोपाठ तीन केल्या तर चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आक्रसून वळणं, आटोक्यात राहिला, सोबत निळे चिकट सापळे. शेजारी कांद्याचं शेत काढणीला आलं की तिथले फुलकिडे उठून इकडे येतात, त्या आठवड्यात कुठलंच तेल पुरं पडत नाही.

मावा, तुडतुडे, पांढरी माशी, लाल कोळी: मऊ अंगाच्या किडींवर काम ठीक, पण द्रावण अंगाला लागलं तरच. पानाच्या खालच्या बाजूला नोझल उलटं धरून मारायचं, वरून शिंपडलं तर फक्त वास. वांग्यातली शेंडे व फळं पोखरणारी अळी आणि पानातली नागअळी, यांच्यासाठी एक रुपयाही घालू नका. ती आत, तेल बाहेर. शेडनेटमध्ये वाफ थोडी कोंडून राहते, तिथे उघड्या रानापेक्षा परिणाम बरा.

वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर. त्या वेळी मधमाश्याही परतलेल्या असतात. एप्रिलच्या पुण्यात सकाळी नऊची फवारणीसुद्धा पानं भाजते. डोस वाढवून "जरा कडक" मारायची हौस असेल तर एवढंच लक्षात घ्या की लवंगेचं तेल जास्त तीव्रतेत परदेशात तणनाशक म्हणून विकलं जातं. काकडी-दोडका वर्ग आणि घेवडा फार नाजूक, तिथे आधी चार झाडांवर मारून ४८ तास थांबा. भुरीसाठी, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीसाठी, गंधक मारलं असेल तर पुढे-मागे दोन आठवडे तेल नको, दोन्ही मिळून पान जाळतात. यात भलेभले फसतात, कारण गंधकाचा दिवस कोणी लिहून ठेवत नाही.

लेबलविषयी एकच. आपल्याकडे कीटकनाशक म्हणून विकायचं तर १९६८ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, आणि नोंदणी क्रमांक व घटकांचं प्रमाण बाटलीवर असावं लागतं. कडुनिंबाच्या बाटलीवर ३००, १५०० किंवा १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत ॲझाडिरॅक्टीनचे किती भाग) असं स्पष्ट असतं. या बाटलीवर "शंभर टक्के नैसर्गिक" मोठ्या अक्षरात, कुठलं तेल किती टक्के ते कुठेच नाही. तीन महिन्यांनी बाटलीच्या बाजू आत चेपल्या, हेही लिहून ठेवतो: असली तेलं साध्या प्लास्टिकमध्ये मुरतात. सुटं तेल गडद काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, सावलीत ठेवा. अर्धी रिकामी बाटली म्हणजे आत हवा, आणि हवेने संत्र्याचं तेल बिघडून कातडीला जास्त चावतं.

तारे द्यायचे तर तयार बाटलीला दोन, घरच्या लवंग-गवती चहाला साडेतीन. तेलाच्या तीन फवारण्यांनंतर एक ॲझाडिरॅक्टीन, १०,००० पीपीएमचं, लीटरला ३ मिली, असा क्रम सध्या चालू आहे. पाऊस सुरू झाला की तेल बंद. सरीबरोबर वाहून जाणाऱ्या औषधाला पैसे कोण घालणार?

आणि वॉशर. काम संपलं की टाकी रिकामी करून लगेच दोन लीटर कोमट पाण्यात चमचाभर ट्वीन घालून पंप चालवायचा, मग नुसतं पाणी, शेवटी ट्रिगर दाबून नळी कोरडी. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. फुगलेला वॉशर उन्हात ठेवला की दोन-चार दिवसांत आक्रसतो आणि बरा झाल्यासारखा दिसतो. पुन्हा बसवू नका, कडक होऊन चिरतो. पुण्याच्या बोहरी आळीत "व्हायटॉन" म्हणून मागा, हे असल्या तेलाने न फुगणारं रबर. साध्याच्या कितीतरी पट महाग पडतो, आणि तपकिरी निघाला म्हणजे व्हायटॉनच असं नाही. माप सांगू नका, जुना सोबत न्या. पण फुगलेला नको, पंपाबरोबर जादा मिळालेला कोरा न्या, नाहीतर एक माप मोठा घेऊन याल आणि पुन्हा तीच गळती.