मुलांचा फोटो-कोलाज: साध्या कागदावरची प्रिंट की ग्लॉसी?

एकाच वस्तूचे, समजा सायकलचे, जवळून 12-15 फोटो काढायचे. दर फोटोत शेजारच्या फोटोचा साधारण एक-तृतीयांश भाग पुन्हा यायला हवा, म्हणजे तुकडे एकमेकांवर चढवून अख्खी सायकल जुळवता येते. प्रश्न उरतो कागदाचा.

साधा 80 जीएसएमचा (एका चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा) कागद मुलांच्या कात्रीने सहज कापला जातो, हाताने फाडला तर पांढरी कड उलट शोभून दिसते. ग्लू स्टिक त्याला पुरते. पातळ पांढरा गोंद मात्र नको: कागद पाणी शोषून फुगतो आणि सुकताना सुरकुततो. इंकजेट प्रिंट असेल तर ओल्या बोटाने शाईही पसरते. लेझर प्रिंटला ती भीती नाही, कारण टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची भुकटीसारखी शाई, उष्णतेने वितळून कागदावर पक्का बसलेला असतो.

ग्लॉसी प्रिंटचे रंग खुलतात, पण 200 जीएसएमच्या पुढचा कागद बोथट कात्रीत अडकतो. खरी पंचाईत तुकड्यावर तुकडा चढवताना होते. खालच्या चकचकीत थरावर ग्लू स्टिक धरत नाही, कडा उचलतात. मग दुहेरी टेप लागते, आणि ती एकदा चिकटली की तुकडा सरकवता येत नाही.

सात-आठ वर्षांपर्यंत साधा कागदच द्यावा, शक्यतो लेझर प्रिंट. मोठ्या मुलांना ग्लॉसी चालेल. फक्त आधी सगळी मांडणी न चिकटवता करून तिचा मोबाइलवर फोटो घ्यायला लावा. खाली पुठ्ठा हवा, चार्ट पेपर वाकतो.